आधी तापू दे

डॉक्टरांची सवयच होती, कशावरही तळहात टेकवायचा आणि म्हणायचं, "आधी तापू दे." ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा तो हात असायचा. किटलीवर, त्यांच्या जुन्या गाडीच्या बॉनेटवर, आणि रोज सकाळी हॉस्पिटलातल्या माझ्या एक्स-रे मशीनवर. मशीन तापवायचं असतं हे मला कॉलेजात शिकवलं होतं, तरी ते रोज सांगायचे. तुमच्याही ओळखीत असेल असं एखादं माणूस, ज्याला एकच वाक्य आयुष्यभर पुरतं. आमच्या लंडनजवळच्या इल्फर्डमध्ये ते हे डॉक्टर होते. हॉस्पिटलात फ्रॅक्चर क्लिनिक चालवायचे आणि आमच्याच रस्त्यावर, तीन घरं सोडून राहायचे.

मी रेडिओग्राफर. एटीजच्या सुरुवातीला लग्न करून पुण्याहून इकडे आले आणि पहिल्या हिवाळ्यात रोज डार्करूममध्ये जाऊन रडायचे. अंधार तयारच होता, सोय चांगली होती. एकदा डॉक्टर फिल्म मागायला आले आणि मी तशीच लाल डोळ्यांनी बाहेर आले.

"किती महिने झाले तुला येऊन?"

"तीन."

"मग तू अजून पेट्रोलवर आहेस. एवढ्यात रॉकेलवर टाकू नकोस स्वतःला. आधी तापू दे."

माणूस सरकलेला आहे, असं मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं.

खुलासा पुढे त्यांच्या घरी चहा पिताना झाला. त्यांचं गाव नीरेच्या काठी. वडिलांनी एका साखर कारखान्याकडून जुना ट्रॅक्टर घेतला होता, पंचक्रोशीतला पहिला. कोणत्या कंपनीचा ते मी सांगत नाही. ज्यांना ट्रॅक्टर कळतात ते ओळखतील आणि ज्यांना कळत नाहीत त्यांना नावाचा काय उपयोग. मोटारींसारखे रांगेत जोडून हजारोंनी काढलेले हे पहिले ट्रॅक्टर. आधी अमेरिकेत, मग आयर्लंडात आणि नंतर इथे, आमच्या इल्फर्डपासून चार-पाच मैलांवर, थेम्सच्या काठी. स्वस्त म्हणून साध्या शेतकऱ्याच्या आवाक्यात आला, आणि स्वस्तातल्या वस्तूचे सगळे गुण त्याच्यात होते. चाकं लोखंडी, दातेरी. नांगर कुठे अडकला की पुढचं तोंड वर करून बसणाऱ्यावर उलटायला बघायचा. सुरू व्हायचा तर पुढचं हँडल झटक्यानं फिरवून, छोट्या टाकीतल्या पेट्रोलवर, आणि इंजिन तापलं की तोटी फिरवून त्याला मोठ्या टाकीतल्या रॉकेलवर टाकायचं. घाई केली की धूर ओकायचा, ठसकायचा आणि बंद पडायचा.

"हँडल दादा मारायचा," डॉक्टर म्हणाले. "तोटी माझ्याकडे होती." हे ते अशा थाटात म्हणाले, की जणू गृहखातंच त्यांच्याकडे होतं.

हँडल आधी वडील मारायचे. एकदा ते उलट फिरलं आणि त्यांचं मनगट मोडलं. गावातल्या माणसानं ते बसवलं ते वाकडंच बसलं. तेव्हापासून हँडल मोठ्या भावाकडे आलं आणि धाकट्यानं हाडांचा डॉक्टर व्हायचं ठरवलं. हँडल धरताना अंगठा मुठीत घ्यायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे उलट फिरलं तरी हात सुटतो. डॉक्टर चहाचा मगसुद्धा तसाच धरायचे.

त्या ट्रॅक्टरच्या अंगावर ओतीव अक्षरांत 'मेड इन इंग्लंड' असं होतं. त्यांनी वाचलेलं पहिलं इंग्रजी ते. "आणि नोकरी लागली ती नेमकी त्याच्या माहेरी," ते हसून म्हणायचे. मात्र त्यांच्या मिसेस तेव्हा हसायच्या नाहीत, त्याचं कारण मला नंतर कळलं.

पाच वर्षांत परत येतो, असं ते भावाला सांगून आले होते. येऊन गावात हाडांचा दवाखाना काढायचा. दादांनी त्यासाठी रस्त्याकडेचा जमिनीचा एक तुकडा राखून ठेवला. पाचाची दहा झाली, दहाची पंधरा. इल्फर्डचं घर घेतल्याचं डॉक्टरांनी कळवलं, त्याच वर्षी दादांनी ट्रॅक्टर मोडीत काढला आणि धाकट्या भावाशी बोलणं टाकलं. रस्त्याकडेच्या तुकड्यात मात्र ते काही पेरत नव्हते.

"तेवढं पेरलं असतं त्यानं, तर मला बरं वाटलं असतं," डॉक्टर म्हणायचे.

दर रविवारी सकाळी ते गावी फोन लावायचे. वहिनी उचलायच्या. खुशाली व्हायची, पाऊसपाणी व्हायचं. मग डॉक्टर विचारायचे, "दादा आहे का?"

"मळ्यात गेलेत."

"वहिनी, मला खोकला ऐकू येतोय."

"मळ्यातनंच येत असंल," वहिनी म्हणायच्या. त्याही बिचाऱ्या काय करणार.

हे ते क्लिनिकमध्ये हसत हसत सांगायचे. पण सोमवारी सकाळी त्यांच्या तोंडाकडे बघितलं की कळायचं, कालही दादा मळ्यातच होते.

मग एक दिवस ट्रेलरवरून ती वस्तू आली. एसेक्समधल्या कुठल्याशा शेतावर, गोठ्यामागे खाजकुयलीसारख्या खाजऱ्या पाल्यात पडलेला तसाच ट्रॅक्टर त्यांनी शोधून काढला होता. तो मागच्या गार्डनमध्ये, कोथिंबिरीच्या वाफ्यावर उभा राहिला.

"लोकांचे नवरे काचेची कॉन्झर्व्हेटरी बांधतात, आमच्यांनी भंगार आणलं," त्यांच्या मिसेस मला म्हणाल्या. "कौन्सिलला फोन करू का गं?"

दोन-तीन उन्हाळे डॉक्टर त्याच्याखाली आडवे होते. पेशंटचं प्लास्टर काढावं तसा त्यांनी रंग खरवडला. वर गंज, गंजाखाली हिरवा, हिरव्याखाली नारिंगी. युद्धात वरून विमानांना दिसू नये म्हणून हिरवा दिला होता, असं त्यांनी मला समजावलं आणि नारिंगी ठिपक्यावर बराच वेळ बोट ठेवून बसले. गावचा नारिंगी होता. मी कधी भाजी द्यायला गेले तर माझ्याकडून हँडल मारून घ्यायचे. "अंगठा बाहेर," एवढंच शिकवायचे. ट्रॅक्टर कधी खोकायचा, कधी तेवढंही नाही.

ज्या शनिवारी तो खरोखर सुरू झाला, त्या संध्याकाळी ते आमच्या दारात आले. हातभर काळं तेल. "उद्या सकाळी ये. फोन धरायला माणूस पाहिजे."

रविवारी फोनची लांब वायर किचनच्या खिडकीतून गार्डनमध्ये काढलेली होती. डॉक्टरांनी नंबर लावला. "वहिनी, आज त्याला बोलवू नका. तुम्ही फक्त फोन खाटेवर ठेवा, त्याच्याजवळ." आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. हँडल त्यांनी मारलं. चौथ्या-पाचव्या झटक्याला ट्रॅक्टर धडधडला, शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला. मी रिसीव्हर इंजिनाकडे धरून उभी राहिले. डॉक्टर तोटीशी गेले. आज तळहात कुठेच टेकवला नाही. त्यांनी तोटी फिरवली. इंजिन ठसकलं, काळा धूर आला, आणि माझ्या हातातल्या रिसीव्हरमधून कोणीतरी ओरडलं.

मी तो कानाला लावला.

"अजून तापला न्हाई तर टाकलास व्हय रॉकेलवर? आधी तापू दे की. किती डाव सांगायचं तुला?"

वर्षानुवर्षं मी ज्यांचं म्हणून ते वाक्य ऐकत होते, ते त्यांचं नव्हतंच.

"डॉक्टर," मी ओरडले, "ते म्हणतायत, तापला नाही अजून."

"कोण म्हणतंय?"

"दादा."

मग त्यांनी तोटी परत पेट्रोलवर फिरवली. इंजिन सावरलं. "विचार त्याला, कधी टाकू?"

"हात ठेवून बघ म्हणावं," फोनवरून उत्तर आलं. "हात ठेववंना झाला, म्हंजे तापला."

डॉक्टरांनी इंजिनावर तळहात टेकवला. मधे मी उभी, कोर्टातल्या दुभाष्यासारखी इकडचं तिकडे सांगत. हवा कमी कर म्हणतायत. केली म्हणावं. आता बघ म्हणतायत. अखेर डॉक्टरांनी हात झटकन मागे घेतला आणि तोटी फिरवली. या वेळी ट्रॅक्टर ठसकला नाही. मग ते आले, माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "दादा." पुढचं ऐकायला मी थांबले नाही.

किचनमध्ये मिसेस पोहे परतत होत्या. "बोलले का?"

"बोलले."

"काय?"

"रॉकेलचं."

"म्हणजे बोलले," असं म्हणून त्यांनी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

त्यानंतर दर रविवारी दादा फोनवर यायचे. विषय फक्त ट्रॅक्टर. दवाखान्याचं नाव नाही, परत येण्याचं नाव नाही. पुढच्या हिवाळ्यात एका सोमवारी डॉक्टर माझ्या मशीनपाशी आले.

"दादानं त्या तुकड्यात कांदे लावले," ते म्हणाले.

"मग चांगलं झालं की. तुम्हाला तेच हवं होतं."

"हो. चांगलंच झालं." मग म्हणाले, "रागावला होता ना, तोवर वाट बघत होता गं तो."

मी पुढच्या पेशंटची फिल्म मशीनमध्ये सरकवली.

रिटायर झाल्यावर सहा महिने गावी राहायचं असं त्यांचं ठरत होतं. त्याआधीच, एका मार्चमध्ये, ते गेले. हार्ट. सकाळी क्लिनिक केलं आणि संध्याकाळी नव्हते. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू करताना माझा हात आपोआप त्याच्यावर गेला, आणि मी तो तसाच ठेवून उभी राहिले.

मिसेस मुलीकडे एजवेअरला जायच्या होत्या. ट्रॅक्टर विकला होता, तो न्यायला एक एसेक्सवाला सोमवारी येणार होता. आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. दादांचा फोन आला होता. त्यांनी स्वतः लावलेला तो पहिलाच. खिडकीतून वायर पुन्हा बाहेर काढली होती. मिसेसनी रिसीव्हर माझ्या कानाशी धरला.

"ताई, हाय का तो अजून?" आवाज म्हातारा झाला होता.

"आहे."

"एकदा सुरू करता का?"

या वेळी फोन मिसेसनी धरला. मी हँडलपाशी गेले.

"अंगठा आत घेऊ नका म्हणतायत," त्या म्हणाल्या.

किती झटके मारले आठवत नाही, खांदा मात्र पुढे आठवडाभर दुखत होता. शेवटी त्यानं पकडलं. शेजारचा कुत्रा आता म्हातारा झाला होता, तो भुंकला नाही. मी इंजिनावर तळहात टेकवला आणि वाट पाहिली. चटका बसला तसा हात काढला.

"विचारा त्यांना," मी म्हटलं, "रॉकेलवर टाकू का?"

मिसेसनी विचारलं.

"नको म्हणतायत. पेट्रोलवरच चालू दे. संपेपर्यंत."

त्या ट्रॅक्टरची पेट्रोलची टाकी अगदी छोटी असते. ती संपेपर्यंत आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो, आणि तिकडे दादा.