धक्क्याचा पडदा

मागे येणाऱ्या ट्रकची मला भीती वाटायची. पुढे जाणाऱ्याची नाही, शेजारून जाणाऱ्याची थोडी. पण पाठमोरा ट्रक गुरगुरत आपल्याकडे सरकू लागला की मी आधी पळायची वाट शोधायचो. आणि नोकरी मिळाली ती सांगलीतल्या एका हळदीच्या गोदामात, नेमकी ट्रक मागे घेण्याची.

पगारपत्रकावर मी दिवाणजी होतो. पण माल भरायचा असला की वह्या मिटून गोदामाच्या धक्क्यावर, म्हणजे दारापुढच्या उंच ओट्यावर, अगदी कडेला उभं राहायचं आणि ड्रायव्हरला ओरडून सांगायचं, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!" चांगला दिवाणजी ट्रकची फळी धक्क्याला टेकली की बास म्हणतो. मी हातभर आधीच म्हणायचो. रुजू झालो त्याच आठवड्यात एका ट्रकने धक्क्याला अशी धडक दिली होती की कडेचा दगड निखळून माझ्या पायाशी येऊन पडला. त्या दिवसापासून ट्रक कुठेही असला तरी मला तो माझ्या छातीवरच आलेला दिसायचा.

त्यामुळे ट्रक आणि धक्का यांच्यात कायम एक फट राहायची. हमाल तिच्यावर लोखंडी पत्रा टाकून पोती नेत. उन्हाळ्यात त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पावसाळ्यात नदीकडून वारा सुटला की पाऊस त्या फटीतून आडवा आत घुसे आणि दारालगतची पोत्यांची थप्पी भिजवी. भिजलेल्या हळदीला बुरशी धरते. एके दिवशी शेठनी पोत्यात हात घातला, हळकुंड काढून नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"दिवाणजी, आणखी एक पोतं भिजलं तर तुमचा हिशेब करून टाकू."

माझं गाव औंधाकडचं. वडील लष्करातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांच्यासमोर 'नोकरी गेली' म्हणायला जी छाती लागते ती माझ्याकडे असती, तर मी ट्रकच नीट लावला नसता का?

खरा उपाय तेवढाच होता. ट्रक आणखी हातभर मागे घ्यायचा. मी तो सोडून बाकीचे सगळे शोधले, आणि त्यातून पडदा निघाला.

सांगलीत राहणारा माणूस कधी ना कधी नाटकाच्या तालमीला जाऊन बसतोच. एका हौशी मंडळात मीही होतो. रंगमंचावर जायची भीती, म्हणून पडदा ओढायला. त्यामुळे पडदा कसा टांगावा, दोन पडद्यांनी एकमेकांवर किती चढावं, वाऱ्याने उडू नये म्हणून खालच्या काठात वाळू कशी भरावी, हे मला पाठ होतं. मिरज रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडून मी ट्रकच्या निकामी ट्यूबा आणल्या. त्यांचे पट्टे कापले, कौलांसारखे एकावर एक चढवून दाराच्या वर आणि दोन्ही बाजूंना टांगले. बाहेरून ताडपत्रीचा घेर लावला, थेट जमिनीपर्यंत, काठात वाळू भरून. ट्रक मागे आला की त्याचं बूड या घेरात शिरायचं आणि पट्टे त्याच्या अंगाला चिकटायचे. खालून शिंतोडे येऊ नयेत म्हणून पत्र्याच्या कडेलाही पट्टे लावले, हे मात्र सुटे, पत्रा हलवता यावा म्हणून. मग माझा हात थांबेना. गोदामाच्या वरच्या झरोक्यांतून ओल येत होती, तिथेही गोणपाट कोंबलं.

हे चाललेलं असताना आतून टोमणे येत होतेच. गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात तीन बायका हळद निवडायला बसत. हळकुंडं वेगळी, गठ्ठे म्हणजे गोल कंद वेगळे. त्यांची म्होरकी एक म्हातारी होती, आटपाडीकडची. सगळे तिला आक्का म्हणत. तिचं तोंड दिवसभर चाले, आणि ते चाललेलं असलं की मला बरं वाटे. दुपारी स्वतःच्या फडक्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवायची आणि वर माझीच टर उडवायची.

"आवं दिवाणजी, कवा हाय म्हनायचा खेळ? तिकिटं फाडली का न्हाई?"

"आक्का, हा पावसाचा पडदा आहे."

"व्हय तर! पावसाला लाज वाटतीया, त्येला आडोसा करताय." मग शेजारणीकडे वळून, "ट्रकला भ्यालंय गं त्ये. बुरखा घालतंय बग कसा त्येला."

खरं बोलली होती, म्हणून मी पुढचा पट्टा शिवायला घेतला.

पडद्याचा पहिला दिवस उजाडला तो भरून आलेलाच. दुपारी ट्रक आला. लष्कराच्या लिलावातला, पेट्रोलवर चालणारा जुना गाडा. शेठ तो स्टेशनापर्यंत माल पोचवायला वापरत. ड्रायव्हरही लष्करातून आलेला, साताऱ्याकडचा. त्याला सगळे फौजी म्हणत. मी हातभर आधी बास म्हणालो, आणि आता त्याचं काहीच बिघडत नव्हतं. ट्रकचं बूड घेरात गेलं, पट्टे चपखल बसले, बाहेर पाऊस बदाबदा ओतत होता आणि आत एक थेंब नाही. शेठ आतून बघत होते. दाराच्या चौकटीवरून हात फिरवून त्यांनी तो कोरडा असल्याची खात्री केली आणि म्हणाले, "वा." तेवढंच. नोकरीत मिळालेला माझा पहिला वा. मग बाजूच्या छोट्या दाराने ते जेवायला घरी गेले आणि जाताना सवयीप्रमाणे बाहेरून कुलूप लावून गेले, कारण हमाल तिथून बिडी ओढायला सटकत.

ट्रक घरघरतच होता. तो रिकामा होता तेव्हाच आत शिरून, केबिनच्या फळीला तोंड लावून मी ओरडलो होतो, "फौजी, इंजिन बंद करा की!"

"आरं, बॅटरी मेलीया! बंद केल्यावर चालू कोन करनार? तुजा बा येनार हाय का हँडल मारायला?"

माझा बा आला असता तर हँडल त्याने माझ्या पाठीत मारलं असतं. मी विषय सोडला.

भरणी सुरू झाली. थोड्या वेळाने हमालांचा मुकादम पोतं टेकवून उभा राहिला. "दिवाणजी, डोस्कं लय जड झालंय."

"तंबाखू जास्त झाली असेल."

"सकाळधरनं खाल्ली न्हाई गड्या."

मला वाटलं कामचुकारपणा. पण तसं बोलायचीही भीती, म्हणून मी थप्पी मोजू लागलो आणि आकडा चुकू लागला. माझंही कपाळ ठणकत होतं. छाती धडधडत होती, गुडघ्यांत पाणी झालं होतं, ओकारी येईलसं वाटत होतं. आता कुणीही शहाणा माणूस एवढ्यावरून सावध झाला असता. मी नाही झालो. कारण शेठ बोलले की मला असंच होई, ट्रक मागे आला की असंच होई, वडिलांचं पत्र आलं की तर हमखास. विष चढत होतं आणि मला वाटत होतं, आपली रोजचीच तब्येत आहे.

मग मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळेना. पाऊस छपरावर वाजत होता, ट्रक घरघरत होता. मी कान दिला. आक्काचं तोंड बंद होतं.

"आक्का?"

मागच्या कोपऱ्यात गेलो. दोघी तरण्या बायका गुडघ्यांत डोकं घालून बसल्या होत्या. एकीने मान वर करायचा प्रयत्न केला आणि ती पुन्हा खाली पडली. आक्का पोत्याला टेकून होती, मांडीवर सूप, सुपात हळकुंडं, एक हळकुंड अजून बोटांत. चेहरा लालबुंद, एखाद्या तरण्या पोरीसारखा. त्या लालीनेच माझं रक्त गोठलं. मी खांदा हलवला. सूप कलंडलं, हळकुंडं घरंगळली, आणि ती काहीच बोलली नाही. एवढी हळद सांडल्यावर आक्का गप्प राहते म्हणजे काय!

आमच्या भागात हळद पूर्वीपासून जमिनीखालच्या पेवांत साठवतात. पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही. खाली वाईट हवा कोंडलेली असते. घाईने उतरलेला माणूस ओरडत नाही, धडपडत नाही. झोप आल्यासारखा खाली बसतो. हरिपूरच्या हमालांकडून हे ऐकून ऐकून मी पेवाच्या तोंडाशीही कधी उभा राहिलो नव्हतो. आणि आता आक्का तशीच बसली होती. ट्रकचा धूर माझ्या घेरात कोंडून पत्र्याच्या कडेने वर येत होता, आणि वारा यायच्या सगळ्या वाटा मी स्वतः दोऱ्याने शिवून टाकल्या होत्या.

मी पळालो. हे मी सजवून सांगत नाही. मदत आणायला नव्हे, जीव घेऊन पळालो. छोट्या दारावर लाथा मारल्या, बाहेर कुलूप. मोठ्या दारात ट्रक, ट्रकमध्ये केबिनच्या बाजूला छपरापर्यंत पोती. मुकादम पोत्यावर डोकं टेकून बसला होता. "फौजी! फौजी!" मी ओरडलो. रबराचे पट्टे माझा आवाज पावसाइतकाच चोख अडवत होते. पट्टे ओढून पाहिले. माझी शिवण. नाटकात एकदा पडदा माझ्या हातून नटाच्या डोक्यावर कोसळला होता, तेव्हापासून मी दुहेरी टाके घालत असे.

मुकादमाच्या कमरेचा पोती ओढायचा आकडा उपसून मी पट्ट्यात घातला. तो नुसता ताणला गेला. आकडा हातातून दोनदा पडला. आता बाहेर जायला जागा एकच, पत्र्याच्या बाजूची फट. खाली ट्रकचं बूड, सायलेन्सरची नळी, अंधार.

मी त्या फटीकडे पाहत किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. फार नसावा. पण तेवढ्या वेळात आक्का श्वास घेत होती की नाही, हे मी पाहिलं नव्हतं. ते लक्षात आलं आणि मी फटीतून खाली घसरलो.

खाली धूर असा तोंडावर आला की डोळे मिटले. चालू ट्रकखाली मी चिखलात पालथा पडलो होतो. डोक्यावर लोखंड थरथरत होतं. फौजीचा हात चुकून गिअरवर गेला तर, एवढंच मनात. श्वास रोखून सरपटलो, वाळूचा काठ हाताला लागला, उचलेना. मीच भरलेली वाळू! काठाखाली आधी डोकं घातलं, मग खांदा, आणि कानाची साल तिथेच ठेवून बाहेर आलो.

केबिनवर बुक्क्या मारल्या. फौजीने काच खाली केली. "काय रं? बास?"

"पुढं घ्या! पुढं, पुढं, पुढं!"

माझ्या तोंडून हा शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकला असावा. त्याने काही विचारलं नाही. ट्रक हिसका देऊन पुढे गेला. पट्टे फाटले, ताडपत्री त्याच्या मागे फरफटत गेली, दोन पोती चिखलात पडून फुटली आणि पाऊस उघड्या दारातून वाऱ्यासकट आत घुसला. पाऊस मला एवढा हवाहवासा कधीच वाटला नव्हता. मुकादम आणि हमाल लटपटत धक्क्यावर आले आणि ओकले. दोघी बायकांना फौजीने खांद्यावर घालून आणलं. आक्काला मी आणि त्याने मिळून उचललं. पावसात धक्क्यावर झोपवलं. पाणी तोंडावर पडत होतं, ती पुसत नव्हती.

"हाय का?" मी विचारलं.

फौजीने तिच्या नाकाशी बोट धरलं. बराच वेळ. "हाय. जरासं. चल, घाल गाडीत."

त्याच ट्रकमधून, पोत्यांवर झोपवून, तिघींना दवाखान्यात नेलं. मी आक्काचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, गेली. दोघी तरण्या तासाभरात उठून बसल्या. आक्काला प्राणवायूची नळी लावली. शेठ आले आणि माझ्याकडे नुसतं पाहून गेले. त्याची एरवी भीती वाटली असती. त्या वेळी शेठ कोण हे आठवायलाही थोडा वेळ लागला.

दिवेलागणीला आक्काने डोळे उघडले. छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओळख पटली की नाही कळेना.

"कोन मेलं रं?" तिने विचारलं.

"कुणी नाही, आक्का."

"मग रडतुयास कशाला?"

एवढं बोलून तिने पुन्हा डोळे मिटले. मी लगेच तिला हलवलं. "आक्का! आक्का!"

"काय?"

"काही नाही."

परत मिटले. परत हलवलं. चौथ्या की पाचव्या खेपेला तिने मला अशी एक अस्सल शिवी हासडली की पलीकडच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. मला तेवढ्यानेही धीर आला नाही. शिवी देऊन माणूस मरत नाही असं थोडंच आहे? नर्स आली आणि तिने दंडाला धरून मला बाहेर काढलं. "झोपू द्या हो त्यांना. तुम्हीच मारून टाकाल."

मी व्हरांड्यात आलो. खिडकीची खालची झडप लावलेली होती. ती ढकलून उघडली आणि चवड्यांवर उभा राहून आत पाहू लागलो. तिच्या छातीवरचा पदर वर जात होता, खाली येत होता. खाली आला की परत वर जाईपर्यंत मी गजाला घट्ट धरून राहायचो.