हातानं ओढलेली रेघ

नळदुर्गच्या बाहेर, हायवेला लागून आमची प्रयोगशाळा होती. निर्यातीच्या द्राक्षांमध्ये फवारणीच्या औषधाचा अंश किती उरलाय, ते आम्ही तपासायचो. मी मुरूमहून एसटीनं यायचे. नोकरी नवी होती. पांढरा कोट घालून मशीनसमोर बसलं की अजूनही अंगावर शहारा यायचा.

त्या दिवशी अणदूरच्या एक बागायतदार मावशी स्वतःच रिपोर्ट न्यायला आल्या. यजमान वारल्यापासून बाग त्याच बघायच्या. त्यांच्या द्राक्षांत एक औषध मर्यादेपेक्षा जास्त निघालं होतं. मी तसं सांगितल्यावर त्या खुर्चीवरून उठल्याच.

"कसं शक्य हाय? ते औषध म्या घड भरायच्या आधीच बंद केलंय. उद्या तोडणीला बायका सांगितल्यात!"

आमच्या मोठ्या मॅडम आतून आल्या. "मावशी, बसा. पीक परत बघतो आम्ही."

"पीक बघाया अणदूरला यावं लागंल की!"

मला हसू आवरेना. कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बोट करून मी म्हणाले, "हे पीक, मावशी. इंग्रजीतलं, म्हणजे शिखर. द्राक्षाचा अर्क मशीनमधल्या लांब बारीक नळीतनं जातो. त्यातला एकेक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि इथं एकेक टेकडी उमटते. जेवढी टेकडी मोठी, तेवढा पदार्थ जास्त."

मशीनच्या खोलीत बाहेरच्यांना येता येत नसे; त्या मधल्या काचेपलीकडून टक लावून बघत राहिल्या.

मॅडमनी त्यांच्या नमुन्याची टेकडी नीट दिसावी म्हणून पडद्यावर मोठी केली आणि मी पुढं सरकले. तिला उजव्या बाजूला एक खांदा होता! टेकड्या दोन होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. सॉफ्टवेअरनं दोघींच्या खाली एकच रेघ ओढून सगळं औषधाच्या नावावर घातलं होतं.

"मॅडम, मी हातानं वेगळ्या करू?"

"कर. पण आधी कारण सांग. आकडा कमी व्हावा म्हणून रेघ ओढायची नसते."

कारण शोधायला मी कधीच न फवारलेल्या द्राक्षांचा नमुना उघडला. औषधाच्या जागी सपाट मैदान होतं आणि शेजारी तीच लहान टेकडी उभी. म्हणजे ती द्राक्षाचीच होती, औषधाची नव्हेच. मी जवळजवळ ओरडलेच. मॅडमनी मानेनंच होकार दिला.

दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेवरून मी सरळ खाली रेघ सोडली. आकडा झरकन उतरला आणि मर्यादेच्या खाली आला! त्याच उत्साहात मी शेजारचा नमुना उघडून पाहिला आणि परत आले, तर माझी रेघ गायब. जुनाच आकडा पडद्यावर.

"मॅडम, गेलं सगळं!"

"सेव्ह केलंस का?"

मी कपाळावर हात मारला.

"अगं, कुठं काही गेलं नाही. मशीननं काढलेला मूळ आलेख कुणालाच पुसता येत नाही. तू त्याच्यावर नुसती रेघ ओढलीस. ती निकाल म्हणून सेव्ह केल्याशिवाय सॉफ्टवेअर ती धरत नाही. परत ओढ. आणि जुन्या निकालावर नको, वेगळा निकाल म्हणून सेव्ह कर. दोन्ही राहू देत. उद्या कुणी विचारलं तर दोन्ही दाखवता आले पाहिजेत."

मी पुन्हा रेघ ओढली. सेव्ह म्हटल्यावर चौकट उघडली: बदलाचं कारण लिहा. मी लिहिलं की शेजारची टेकडी द्राक्षातल्या नैसर्गिक घटकाची आहे, न फवारलेल्या नमुन्यातही दिसते. खाली आपोआप माझं नाव आणि वेळ उमटली. माझ्या नावाचा निकाल!

तरी मॅडमनी सही केली नाही. "आता मशीनची उष्णता सावकाश वाढवत हाच नमुना परत चालव. पदार्थ नळीतनं जास्त अंतरानं बाहेर पडतील, टेकड्या आपसूक सुटल्या पाहिजेत. मगच तुझी रेघ खरी."

नमुना मशीनमध्ये गेला. मावशी काचेला नाक लावून उभ्या. बाहेर ट्रकचे भोंगे वाजत होते. पडद्यावरची रेघ सपाट चालली होती. मग हळूच वर चढली, उतरली, अगदी तळाला टेकली. आणि पुन्हा चढली.

"दोन झाल्या!" काचेपलीकडून मावशीच आधी ओरडल्या. "दोन झाल्या की गं पोरी!"

नवा आकडा माझ्या हातच्या रेघेनं दिलेल्या आकड्याशी जवळजवळ जुळला. औषध होतं, पण मर्यादेच्या बरंच आत. मॅडमनी दोन्ही निकाल जोडून सही केली आणि माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. मावशींनी तिथूनच घरी फोन लावला.

"हां, पास हाय! क्रेट धुवून ठेवा. आन् बायकांना सांगा, उजाडायच्या आत बागंत या!"