चार बोटं उंच खुर्ची

मुलाला झोप लागत नसेल, ही आयांची नेहमीची काळजी. माझी काळजी उलटी आहे. आमच्या थोरल्याला आज गाढ झोप लागली असेल, याचीच मला धास्ती वाटते.

तो खुर्च्यांच्या कारखान्याचा मुख्य. अंगाने ताडमाड. लहानपणी काच त्याने फोडायची आणि कोपऱ्यात धाकट्याने उभं राहायचं, ही आमच्या घरची रीत. मी तेव्हा हसायचे.

गेल्या वर्षी नव्या खुर्चीचं माप त्याने स्वतः बसून ठरवलं. त्याला रंधा धरायला शिकवणारे मिस्त्रीकाका म्हणाले होते, की साहेब, सगळ्यांचे पाय तुमच्याएवढे नसतात. साहेबांनी मनावर घेतलं नाही. गिऱ्हाईक बसलं की पाय लोंबकळायचे. दुकानांनी ढिगाने खुर्च्या परत पाठवल्या. त्यातली एक मला भेट मिळाली.

आता वीस जणांना कामावरून काढायचंय. उद्या सकाळी यादीवर सही. रविवारी जेवताना सांगत होता, झळ सगळ्यांनी वाटून घ्यायची. म्हणून कामगारांची बिस्किटं बंद, आणि याच्या केबिनमधला एसी बंद. ऐन थंडीत. सूनबाईंना ठसका लागला, पण तो घासाचा नव्हता.

यादीत पहिलं नाव मिस्त्रीकाकांचं.

"आणि माप कोणी चुकवलं?" मी विचारलं.

"आई, तो टीमचा निर्णय होता."

"टीममध्ये कोण कोण होतं?"

त्याने मोठा घास घेतला.

आज संध्याकाळी मिस्त्रीकाका करवत घेऊन दारात. माझे पाय अधांतरी राहतात हे त्यांच्या कानावर गेलं होतं. दहा मिनिटांत खुर्चीचे चारही पाय चार चार बोटं कापून दिले. मी म्हटलं, मग सगळ्याच अशा का नाही कापत? विकल्या जातील की.

"सांगितलं ना साहेबांना," ते भुसा गोळा करत म्हणाले. "पण वहिनी, तसं केलं तर माप चुकलं होतं हे कबूल करावं लागतं. त्यापेक्षा माणसं कापणं सोपं."

चहालाही थांबले नाहीत.

मी त्याच खुर्चीत बसले आहे. पाय जमिनीला टेकलेत. त्याला सांगायचंय, आधी स्वतःचा पगार चार बोटं काप, मग सगळ्यांसमोर माप चुकल्याचं सांग, मग खुर्च्यांसाठी करवत काढ. सकाळपर्यंत थांबले तर सही होऊन जाईल.

झोपला असेल. बरंच झालं. उठवतेच. फोन कुठे ठेवलाय मी?