हारुकोची माफीची बर्फी

वऱ्हाडात यायचं तर डिसेंबरात या, असं मी सगळ्यांना सांगते. ऐकलं फक्त हारुकोने. ती जपानमधल्या एका शाळेत शिक्षिका. मी पुण्यात जपानी शिकवते आणि मध्यंतरी तिच्या शाळेत मदतनीस होते, तेव्हाची ही मैत्री. फोनवर म्हणाली, "नोकरी सोडावी की नाही, ते लांब कुठेतरी जाऊन ठरवायचंय." मी विचारलं, बडनेऱ्याइतकं लांब चालेल का?

पुण्याहून रात्रीच्या गाडीने बडनेरा, तिथून शेअर ऑटोने अमरावती. ऑटोत तिघांच्या जागी पाच बसतात, तेव्हा बॅग मांडीवर मावेल एवढीच आणा. आधी गिला वडा खा, मग हॉटेल शोधा. हारुकोने वड्याखालचं दहीसुद्धा निपटून खाल्लं. तिच्या शाळेत बाईही पोरांबरोबर वर्गातच जेवतात, त्यामुळे टाकायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी मोर्शीच्या बसने संत्र्याच्या बागेत. बागवान काका म्हणाले, "खा न बाई, झाडाखाली कोनी मोजत नसते." हारुकोने मनसोक्त खाल्ली आणि एकदम तिला खाऊची काळजी लागली. ताजी फळं जपानात नेता येत नाहीत, आणि गोड काहीतरी न्यायलाच हवं. तिकडे रजा घेतली की परतल्यावर सगळ्या शिक्षकांना खाऊ द्यायचा, एकेक तुकडा वेगळा बांधलेला, आणि प्रत्येकाच्या टेबलाशी वाकून माफी मागायची.

"पण शाळेला तर आत्ता सुट्टी आहे ना?"

"मी घेते त्या व्हॉलीबॉलच्या सरावाला नाही. रविवारीही नसते. माझ्या जागी दुसरं कोणीतरी उभं आहे."

म्हणून अमरावतीत संत्रा बर्फी घेतली आणि गाडीने मूर्तिजापूर गाठलं. तिथे माझी मावशी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दुपारी ओट्यावर बटर पेपर कापत बसलो. दोन मास्तरणी आणि मधे मी दुभाषी.

"आमाले मतदार याद्या, खिचडीची चव, वरून फोटो अपलोड करा," मावशीने सलामी दिली. "इचार तिले, तिले काय काय कराव लागते?"

हारुकोने बोटांवर मोजलं. सकाळी फाटकात उभं राहून पोरांना नमस्कार, दुपारी त्यांच्याबरोबर झाडू-पोछा, संध्याकाळी खेळ, रात्री पालकांचे फोन.

"माय माय. मंग सोडत काहून नाई?"

हारुकोने कारण सांगितलं. वर्षभर तोंड न उघडलेल्या एका मुलीने सुट्टीच्या आधी हात वर करून शंका विचारली होती. त्या दिवशी आनंदाच्या भरात हारुको बस सोडून चालत घरी गेली.

"हेच त लफडं आहे बाप्पा," मावशी म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

चहा यायला उशीर झाला, कारण मावशी मागच्या दाराने शेजारी जाऊन आली होती. पोरगी अख्ख्या शाळेला मिठाई वाटणार, म्हणजे लग्नच ठरलं असणार, असा शेजारणींनी अर्थ लावला. संध्याकाळी शेजारणी खण-नारळ घेऊन हजर. हारुकोला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली. ती प्रत्येकीला वाकून नमस्कार करत मला हळूच विचारते, "हे कशासाठी?"

खरं सांगणार होते. पण तिचा खुललेला चेहरा पाहिला आणि बिनदिक्कत ठोकून दिलं, "तू रजा घेतलीस ना, म्हणून अभिनंदन करतायत."

हारुको रडायलाच लागली. शेजारणी म्हणाल्या, माहेर सुटून राहिलं न, रडू दे.

अकोल्याहून तिची परतीची गाडी होती. नारळ नेता येणार नाही म्हणून तो मावशीकडे ठेवला, खण मात्र बॅगेत तळाशी गेला.

पुण्यात परतून कपडे धुऊन झाले, बर्फीचा उरलेला चुरा संपला, पण ती थाप काही पचेना. तेवढ्यात हारुकोचा फोन आला. तिने प्रत्येक टेबलावर बर्फी ठेवली, माफी मागायला वाकली आणि म्हणाली, "आनंदाची बातमी आहे. शाळा सोडत नाही, रविवारचा व्हॉलीबॉल सोडतेय." उपमुख्याध्यापकांचा घास तोंडातच राहिला म्हणे.

मग मीही सांगून टाकलं, त्या बायका तुझं लग्न ठरलं समजून आल्या होत्या.

"ठाऊक होतं," हारुको म्हणाली. "रजेसाठी कपाळाला कुंकू लावत नाहीत, एवढं मलाही कळतं. पण अभिनंदन हवं होतं, म्हणून ठेवून घेतलं."