कोरड्या तलावातली होडी

आमच्या गल्लीतले शिंपीकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी शिवणीकडे. कुणी नवा शर्ट घालून ऐटीत निघाला की दुकानातून हाक येते, "काय हो, काखेत काचतंय ना? सांगितलं होतं, स्वस्त शिंपी महागात पडतो!" लग्नाला गेले तरी नवरी कशी होती हे त्यांना आठवत नाही, पण नवऱ्याच्या कोटाचं अस्तर कुठे झोल देत होतं ते वर्षभर आठवतं.

त्यांची एकुलती एक मुलगी बिट्टी. चणीने बारीक म्हणून बिट्टी. खरं नाव आता फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलंय. ती औषधनिर्मितीचं शिकायला घरापासून बारा तासांवरच्या, डोंगरावरच्या एका गार शहरात गेली. जाताना काकांनी तिला जाड लोकरी कोट शिवून दिला आणि काकूंनी "दर रविवारी फोन कर" अशी तंबी.

पहिल्याच रविवारी काकूंनी विचारलं, "करमतंय का गं?"

बिट्टी त्या दिवशी फक्त वसतिगृहाच्या गच्चीवर गेली होती, रडायला. पण करमत नाही म्हटलं असतं तर बाबा पुढच्या गाडीने ट्रंक बांधायची दोरी घेऊनच हजर झाले असते. घरात कॉलेजचं तोंड पाहणारी ती पहिलीच. तिला परत जायचं नव्हतं. फक्त रडू येत होतं. म्हणून ती म्हणाली, "हो तर! आज तलावावर गेले होते."

थापेचं विणकामासारखं असतं, एक टाका घातला की पुढचा घालावाच लागतो. वसतिगृहाच्या ऑफिसात प्रेक्षणीय स्थळांचं एक घडीचं पत्रक फुकट मिळत होतं. ते समोर ठेवून बिट्टीने दीड वर्षं आईला शहर दाखवलं. तलावात होडी वल्हवली, टोकावरच्या कड्यावरून सूर्यास्त पाहिला. प्रत्यक्षात वर्ग, खोली आणि खोलीतलं टेबल, एवढंच तिचं शहर. मैत्रीण एकच, तीही भिंतीपलीकडची. खोकला ऐकून ओळख झालेली. इकडे काकू गल्लीभर सांगत होत्या, "आमची बिट्टी काय, पायाला भिंगरी लागलीये नुसती!"

आणि एके दिवशी काका निघालेच. सकाळी पोचायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. काकूंचे गुडघे चढाला राजी नव्हते, म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली होती. चिठ्ठीत दीड वर्षाची सगळी ठिकाणं, ओळीने.

स्टँडवर काकांनी लेकीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिच्या कोटाची कॉलर सरळ केली. मग म्हणाले, "चल. आधी तलाव. मागच्याच रविवारी गेली होतीस ना?"

चेहरा खंबीर ठेवून बिट्टी अशा झोकात बसमध्ये चढली, की जणू ड्रायव्हर तिचा चुलतमामा. बस पाऊण तास चालली आणि कत्तलखान्याच्या मागे शेवटच्या थांब्यावर थांबली.

"तलाव उलट्या बाजूला, ताई," कंडक्टर म्हणाला. "नवीन दिसताय!"

"मी नवीन," काका घाईने म्हणाले. "माझ्यामुळे चुकलं तिचं."

अखेर तलाव आला. म्हणजे तलावाची जागा आली. आत ठणठणाट. चिखलाला भेगा पडलेल्या, मधोमध एक यंत्र गाळ उपसतंय आणि काठावर दहा-बारा होड्या उताण्या पडलेल्या. पाटीवर लिहिलं होतं: गाळ काढण्यासाठी तलाव आठ महिने बंद. तलावाचं पाणी गेलं होतंच, बिट्टीच्या तोंडचंही पळालं.

काकांनी पाटी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"कोरड्यात वल्हवायला ताकद जास्त लागत असेल, नाही?"

बिट्टीने हसायचा प्रयत्न केला आणि त्याच प्रयत्नात तिला रडू फुटलं. उताण्या होडीवर बसून ती हमसून हमसून रडली. काका शेजारी बसले.

"बाबा, मी खोटं... मी कुठेच गेले नाही."

"मला सकाळीच कळलं."

"कसं?"

त्यांनी तिच्या कोटाची बाही धरली. "कोपरं बघ, घासून चकचकीत. पाठीमागे बसायच्या जागी तसंच. आणि खालची कड? नवीकोरी! तलावावर, डोंगरावर फिरणाऱ्या पोरीच्या कोटाला एक काटा नाही, चिखलाचा एक डाग नाही? हा कोट दीड वर्षं टेबलाशी बसलाय." मग हलकेच म्हणाले, "ज्या पोरीला मी कोट शिवला, ती खरी कशी आहे, एवढं तरी कळू दे मला."

"मला न्यायला आलात?"

"मी तुला बघायला आलो. न्यायचं की नाही ते तू सांग. आत्ता नको, संध्याकाळी. आत्ता हे शहर तुलाही नवं, मलाही नवं. चल, दोघं मिळून चुकू."

मग ते खरंच चुकले. वाट विचारत, धापा टाकत कड्यावर पोचले, तर तिथे एवढं दाट धुकं, की एकमेकांचे पाय दिसेनात. त्या धुक्यातून एक दुर्बीणवाला पुढे आला. "बघा साहेब! समोर नदी, डावीकडे जुना पूल, मागे सात शिखरं!"

काकांनी दुर्बीण लावली. "मला धुकंच मोठं दिसतंय."

"आहे तिथेच सगळं, साहेब. दीड तास थांबा."

"बिट्टे, हा तुझा गुरू दिसतो!"

दीड वर्षात बिट्टी पहिल्यांदा पोट धरून हसली. दुर्बीणवाल्यालाही कळेना, आपण एवढं काय विनोदी बोललो. धुकं काही हटलं नाही. तिघांनी चहा प्यायला, आणि दुर्बीणवाल्याने तिला रविवारी सकाळी लवकर यायला बजावलं.

संध्याकाळी गाडी लागली. काका खिडकीशी बसले आणि शेजारच्या जागेवर त्यांनी रुमाल टाकला. गाडी भरत गेली. टोपली कडेवर घेतलेल्या एक बाई येऊन म्हणाल्या, "इथे कोण आहे?"

"येतंय कुणीतरी," काका म्हणाले, "किंवा नाहीही येत."

"म्हणजे?"

"अजून ठरायचंय."

खिडकीखाली बिट्टी उभी होती. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. तिने एकदा त्या रुमालाकडे पाहिलं, एकदा वर चढत गेलेल्या, दिवे लागू लागलेल्या रस्त्याकडे. या वेळी तिचा आवाज स्पष्ट होता.

"बाबा, उचला तो रुमाल. त्या मावशी कधीच्या उभ्या आहेत."

"नक्की?"

"नक्की. आणि आईला खरं सांगा. फोनवर मी पण सांगेन, कधी रडले तर तेही सांगेन."

काकांनी रुमाल उचलला. बाई टोपलीसकट धपकन बसल्या, आणि गाडी वळणावरून खाली उतरायला लागली.

"मुलगी का तुमची?"

"हो," शिंपीकाका म्हणाले, आणि रुमालाने चष्मा पुसत राहिले. "इथेच असते ती."