रामाच्या कानात कुर्र

रामनवमीच्या आदल्या दिवशी मी नारळ निवडते. गोल, लांब शेंडीचा. खणाच्या तुकड्याची त्याला कुंची शिवते, कडेला जर लावते. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमच्या गावच्या देवळात हाच नारळ राम होऊन पाळण्यात निजतो. प्रसादाचा सुंठवडाही मीच कुटते, शिंका देऊन देऊन डोळे लाल होईपर्यंत. आणि एवढं सगळं झाल्यावर रामाच्या कानात नाव सांगायचा मान माझ्या नणंदेचा.

बारशाला नाव आत्या ठेवते. रामाची आत्या म्हणजे गावची लेक, आणि देवळाची पूजा आमच्या घराकडे, म्हणून आमच्याच घरची लेक. मी पडले सून. सुनेनं शिवायचं, कुटायचं, फरशी पुसायची. ही सकाळच्या एसटीनं सोलापूरहून यायची, केसांत गजरा, खांद्याला पर्स, आणि थेट पाळण्यापाशी बसायची. नारळाला कुठला आलाय कान? कुंचीची कड जरा उचलायची, तिथं ओठ नेऊन कुर्र करायचं आणि मग दोरी ओढायची. तेवढ्यासाठी सगळं देऊळ तिच्याकडे बघायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एक समाधान होतं. कुर्र झालं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, तशी रीतच आहे. बाकीच्या हसत हात टेकवायच्या. मी ठेवून द्यायची. मग गोड आवाजात विचारायची, "लागलं का, वन्सं?"

"न्हाय वहिनी, चालायचंच," ती म्हणायची. रीत म्हटल्यावर बोलणार काय.

यंदा तिची एसटी सास्तूरच्या अलीकडं बंद पडली. फोन मला आला. "वहिनी, मी येतेय कशीबी. जरा थांबा म्हणावं."

मी देवळात सांगितलं, एसटी बंद पडली. पुढचं सांगितलं नाही.

कीर्तन जन्मापर्यंत आलं होतं. बायका मुठीत फुलं धरून बसल्या होत्या.

"सून आत्या कशी व्हईल?" कुणीतरी म्हणालं.

"मग रामानं जन्मायचं थांबावं का?" सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तू वाक गं."

मी लगेच वाकले. नको नको म्हणायचं असतं, तेही म्हटलं नाही. कुंचीची कड उचलली. मीच घातलेली टीप ओठांना लागली. कुर्र केलं, "राम" असं नाव घेतलं, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आणि दोरी हातात घेतली.

पाठीवर हात पडू लागले. हलके, लाडाचे. आणि मग एक असा बसला की माझं कपाळ पाळण्याच्या दांडीवर आपटलं. तो धपाटा मी ओळखला. इतकी वर्षं मीच तो घालत आले होते.

वळून पाहिलं. कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आलेली नणंद, तोंडावर धूळ, गजरा मानेवर लोंबतोय.

"लागलं का, वहिनी?" तिनं विचारलं. आवाज अगदी गोड.

"न्हाय वन्सं, चालायचंच," मी म्हणाले. पाठ चांगलीच झणझणत होती. तिनं दोरीसाठी हात पुढं केला. मी दोरी सोडली नाही.