कॅप्टनला ओरडायची परवानगी

डॅनियल डाव्या कुशीवर झोपला होता. त्याच्या बरगड्यांमधल्या फटीत एकोचा प्रोब टेकवून मी स्क्रीनकडे बघत होते. एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. माझ्या तोंडावर मास्क, त्यावर चेहरा झाकणारा पारदर्शक व्हायझर, अंगात प्लास्टिकचा एप्रन. व्हायझरवर सारखी वाफ धरत होती आणि हात अडकलेले असल्यामुळे ती पुसता येत नव्हती.

"सोमवारी ट्रेनिंग सुरू होतंय," तो म्हणाला. "त्याच्या आत उरकेल ना हे?"

"पंपिंग तर छान आहे तुझं," मी म्हणाले. ते खरंच होतं. एको स्वच्छ होता. माझी अडचण वेगळी होती.

कोविडचं पहिलं वर्ष होतं ते. इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगचा सीझन मार्चमध्ये मधेच थांबला होता आणि आता जूनमध्ये, रिकाम्या स्टेडियममध्ये का होईना, उरलेल्या मॅचेस संपवायच्या असं ठरलं होतं. मी साउथहॅम्प्टनला कार्डिऑलॉजिस्ट आहे. मूळची नागपूरची. खेळाडूंची हृदयं हा माझा खास विषय, त्यामुळे दोन-तीन क्लब आपले खेळाडू माझ्याकडे तपासणीला पाठवतात. डॅनियल हे त्याचं खरं नाव नाही. तो दुसऱ्या एका शहरातल्या क्लबचा कॅप्टन होता, डिफेन्समध्ये खेळायचा, आणि त्याचा क्लब पॉइंट्स टेबलच्या तळाशी होता. तळाच्या तीन टीम्सना पुढच्या वर्षी खालच्या लीगमध्ये जावं लागतं. त्याला इथे रेलिगेशन म्हणतात, आणि एखाद्या वाईट आजाराचं नाव घ्यावं तसं लोक ते हळू आवाजात म्हणतात.

एप्रिलमध्ये डॅनियलला कोविड झाला होता. थोडा ताप, वास गेलेला, मग बरा. क्लबने ठरवलं होतं की ज्याला ज्याला होऊन गेला त्याचं हृदय तपासल्याशिवाय मैदानावर पाठवायचं नाही. त्याच्या ECG मध्ये काही लाटा उलट्या दिसत होत्या. वर जायला हव्या तिथे खाली.

क्लबचा डॉक्टर नील याचा सकाळीच फोन आला होता. नीलने आणि मी बरीच वर्षं एकत्र काम केलेलं.

"ॲथलीट्स हार्ट असणार," तो म्हणाला होता. वर्षानुवर्षं जोरदार व्यायाम करणाऱ्यांचं हृदय जरा मोठं, जरा जाड होतं आणि ECG विचित्र दिसतो. त्यात आजार काही नसतो.

"असेल," मी म्हणाले होते. "पण हृदयाच्या डाव्या बाजूच्या लाटा सहसा त्यात उलट्या होत नाहीत."

एको संपल्यावर डॅनियल उठून बसला. मी त्याला नेहमीचे प्रश्न विचारले. छातीत दुखतं? नाही. धडधड? नाही. चक्कर? नाही. जिना चढताना दम? नाही, ठीक आहे. व्यावसायिक खेळाडूला काय होतंय विचारलं की तो 'ठीक आहे' म्हणतो. पाय मोडला असला तरी आधी तेच म्हणतो. म्हणून मी प्रश्न बदलला.

"घरी कोण कोण आहे?"

"बायको, ॲबी. आणि मुलगी. तीन वर्षांची आहे."

"ती खाली सोफ्यावर झोपली की वर बेडरूममध्ये कोण नेतं?"

"हल्ली ॲबी नेते."

"आणि आधी?"

"आधी मीच न्यायचो. आता मध्ये थांबावं लागतं." मग घाईघाईने म्हणाला, "पण डॉक्टर, मी एवढे दिवस घरात पडून होतो. फिटनेस गेलाय. तेवढंच आहे."

तेवढंच असू शकलं असतं. त्या दिवसांत आमच्या हॉस्पिटलमधले निम्मे लोक जिना चढताना धापा टाकत होते. मी रक्त तपासणीला पाठवलं आणि हृदयाचा MRI करून घेतला. रक्तात ट्रोपोनिन थोडं वाढलेलं आलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रोटीन रक्तात झिरपतं. थोडं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी पंधरा दिवसांनी परत बघू म्हणाले असते इतकं थोडं.

MRI वाचायला आमच्याकडे संजीव आहे. तोही नागपूरचा, कॉलेजात माझ्याच बॅचला होता. मी त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिले, कारण आत एका वेळी एकालाच परवानगी होती.

"तिथूनच पाहून घे," तो म्हणाला आणि त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "ही बाहेरची भिंत. हा पांढरा पट्टा दिसतोय?"

"दिसतोय. मायोकार्डायटिस?"

"सूज आहे स्नायूला, हे नक्की. कोविडची असेल. आधीची कुठली असेल. आपल्याजवळ त्याचा जुना MRI कुठे आहे?"

"तू काय सांगशील त्याला?"

"मी फोटो वाचतो, बाई. सांगायचं काम तुझं." मग त्याने खुर्ची फिरवली आणि नीट आवाजात म्हणाला, "वैशाली, माझा सख्खा भाऊ असता तर मी त्याला बसस्टॉपपर्यंतसुद्धा पळू दिलं नसतं."

मायोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या स्नायूला आलेली सूज. माणूस शांत बसला असेल तर ती बहुतेक वेळा आपोआप ओसरते. पण सूज असताना जोरात पळालं तर हृदयाचा ठोका एकदम बिघडू शकतो, आणि माणूस मैदानातच कोसळतो. कोविडच्या बाबतीत हे किती वेळा होतं, ते त्या वेळी जगात कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या व्हायरसांच्या अनुभवावरून नियम होता तो एवढाच: तीन ते सहा महिने संपूर्ण विश्रांती.

मी डॅनियलला ते सांगितलं. त्याने वाकून बुटांच्या नाड्या बांधल्या. मग म्हणाला, "ॲबीला तुम्ही सांगाल का? मी सांगितलं तर कमी करून सांगेन."

बरोबरच्या माणसांना हॉस्पिटलमध्ये यायला बंदी होती. ॲबी कार पार्कमध्ये थांबली होती. आम्ही दोघं खाली गेलो. तिने काच खाली केली, मास्क लावला, आणि मी दोन मीटरवर, शेजारच्या रिकाम्या जागेच्या पांढऱ्या पट्ट्यावर उभी राहून तिला सगळं सांगितलं. मागच्या सीटवर मुलगी बटाट्याचे वेफर्स खात होती. कॅम्पसमधून बस गेली की मला थांबावं लागत होतं.

ॲबीने सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे बघितलं. "म्हणजे तू जिन्यात थांबून भिंतीवरचे फोटो बघत नव्हतास."

"काही वेळा बघत होतो," तो म्हणाला.

ती हसली, आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. "मी दोन आठवडे समजत होते, याला अचानक माझ्या आईबाबांचे फोटो आवडायला लागलेत."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल होता. एका चौकोनात नील, एका चौकोनात टीमचे मॅनेजर. फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे मुख्य कोच. टीम निवडणारा आणि टीम हरली की नोकरी गमावणाराही तोच. माणूस थकलेला दिसत होता.

मी सुरुवात आम्ही डॉक्टर करतो तशीच केली. उपलब्ध पुरावा मर्यादित आहे, आजार नवीन आहे, सध्याची माहिती लक्षात घेता सावधगिरी—

"म्हणजे मेबी?" त्यांनी मध्येच विचारलं.

"नाही. म्हणजे नाही."

"शेवटच्या दोन मॅचेस?"

"नाही."

"शेवटच्या मॅचचा शेवटचा अर्धा तास? डॉक्टर, त्याच्याशिवाय माझ्या डिफेन्सच्या बॅक लाइनला कुणी वाली नाही. कोण कुठे उभा राहतो तेच त्यांना कळत नाही."

"पाच मिनिटंसुद्धा नाही."

"त्याला काही होईल याची तुम्हाला खात्री आहे?"

"नाही. धोका किती आहे ते मला माहीत नाही. तुम्हाला कुणीच सांगू शकणार नाही. माहीत नाही, म्हणूनच नाही म्हणतेय."

माझा निर्णय चुकीचा असू शकतो, हे मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसत होतं. तो चुकीचा होता की बरोबर, हे पुढेही कधी कळणार नाही, हेसुद्धा. पण समोरच्याला ते सांगून उपयोग नव्हता.

"ठीक आहे," मॅनेजर म्हणाले. "टीमला मी सांगतो. तुमचं नाव येणार नाही."

मला वाटलं, प्रकरण संपलं.

मॅचेस सुरू झाल्या. पहिल्या मॅचनंतर नीलचा फोन आला. आवाज जरा संकोचलेला.

"एक विचित्र प्रश्न आहे. डॅनियलला ओरडायची परवानगी आहे का?"

"काय?"

मग त्याने सांगितलं. डॅनियल टीमबरोबर स्टेडियममध्ये गेला होता. आत सोडायच्या लोकांच्या यादीत खेळाडू म्हणून त्याचं नाव होतंच. तो रिकाम्या स्टँडमध्ये बसला. एरवी तिथे हजारो लोकांच्या गोंगाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आता चिमणी बोलली तरी ऐकू येत होती. पहिला गोल खाल्ल्यावर डॅनियलला राहवेना. तो तिथून ओरडायला लागला. कोणी पुढे यायचं, कोणी मागे राहायचं, कुणाच्या पाठीमागे माणूस आलाय. मैदानातल्या डिफेंडर्सना प्रत्येक शब्द ऐकू गेला. त्यानंतर त्यांनी गोल खाल्ला नाही.

"मॅनेजरला तो प्रत्येक मॅचला तिथे हवाय," नील म्हणाला.

"बसून ओरडत होता की उभा राहून?"

"अं... बसला असा नाहीच तो. स्टँडच्या पायऱ्यांवरून वर-खाली करत होता."

आता मला हसू येईना. मी त्याला पळू नको म्हणाले होते, जिम नको, सायकल नको, मुलीला उचलणं नको. ओरडण्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, कारण तो प्रश्न आजवर कुठल्या पेशंटने आणलाच नव्हता. मी संजीवला फोन केला.

"मायोकार्डायटिसमध्ये ओरडण्यावर काही पेपर आहे का रे?"

"काय बाप्पा!" तो म्हणाला. "ओरडण्यावर? आपल्या ॲनाटॉमीच्या सरांवर झाला असता." मग विचार करून म्हणाला, "होल्टर लाव की त्याला. काय होतंय ते दिसेल."

होल्टर म्हणजे छातीवर चिकटवायचं छोटं यंत्र. ते दिवसभर ECG रेकॉर्ड करत राहतं. पुढच्या मॅचला डॅनियल ते लावून बसला. शेजारी टीमची फिजिओ, हाताशी हृदयाला शॉक देणारा डीफिब्रिलेटर, आणि त्याला ताकीद: खुर्ची सोडायची नाही. रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं तेव्हा मी मॅचचं रेकॉर्डिंग बाजूला लावून ते पाहिलं. समोरच्या टीमला कॉर्नर किक मिळाली की त्याच्या ठोक्यांची गती वाढत होती, पण जिना चढण्याइतकीही नाही. एकदाच ती झपकन वर गेली. तेव्हा गोल झाला होता आणि तो उभा राहिला होता. ठोका मात्र कुठेही बिघडला नव्हता.

मग मी क्लबला अधिकृत पत्र लिहिलं: पेशंटला बसून ओरडण्यास हरकत नाही. उभं राहू नये. गोल झाला तरीही. माझ्या सेक्रेटरीने टाइप करण्याआधी फोन करून विचारलं, हे असंच ठेवायचं ना?

पुढची मॅच मी घरी टीव्हीवर पाहिली. त्या काळात दोन पर्याय असायचे. एकात प्रेक्षकांचा खोटा आवाज मिसळलेला, एकात मैदानाचा खरा आवाज. मी खरा लावला. बुटांचे आवाज, चेंडूची थाप, आणि वरून कुठून तरी डॅनियल. "लाइन वर घ्या! डावीकडे, डावीकडे बघ!" मग मध्येच, मॅच थांबलेली असताना, अगदी स्वच्छ: "बसलोय मी! बसलोय!" समालोचकाला कळेना हा कुणाशी बोलतोय.

टीम सीझनच्या शेवटच्या दिवशी रेलिगेट झाली. डिफेन्स सुधारला होता, पण गोल करणारं कुणी नव्हतं. मॅनेजरची नोकरी गेली. जाण्यापूर्वी त्यांनी मला दोन ओळींचा ईमेल केला, त्यात तक्रार नव्हती. डॅनियल खेळला असता तर टीम वाचली असती का, आणि डॅनियल वाचला असता का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नाहीत. ऑटममध्ये, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, पुन्हा MRI केला तेव्हा सूज गेलेली होती, त्या जागी एक बारीक व्रण होता. ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळवलं, पुन्हा होल्टर लावला, सगळं ठीक आलं. तेव्हा मी हो म्हणाले. तो खालच्या लीगमध्ये आणखी काही सीझन खेळला. आता त्याच क्लबमध्ये डिफेंडर्सचा कोच आहे.

माझ्या कामात मात्र एक फरक पडला. आम्ही पेशंटला काय करू नका ते भरपूर सांगतो. काय करता येईल ते सांगत नाही, आणि मग तो ते स्वतःच ठरवतो, स्टेडियमच्या पायऱ्यांवर. त्यामुळे आता मी शेवटी विचारते, "कुठली गोष्ट बंद झाली तर तुम्हाला सगळ्यात जास्त चुकल्यासारखं वाटेल?" उत्तरं कुठल्याच गाइडलाइनमध्ये नसतात. गेल्या आठवड्यात एका बाईंनी विचारलं, कुत्र्याला आंघोळ घालू शकते का.

मी आधी कुत्रा केवढा आहे ते विचारलं.